पेट्रोलने धुतलेले हात पांढरे दिसतात, पण ते स्वच्छ असतात का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे २८ वर्षांचे, तालुक्याच्या गावी चारचाकीच्या गॅरेजमधे मेकॅनिक आहेत. घरी सात महिन्यांची मुलगी. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की ती झेप घेते आणि बायको म्हणते, "अहो थांबा, आधी हात बघा तुमचे." म्हणून निघायच्या आधी ते गॅरेजवरच पेट्रोलने हात धुतात, त्याने नाही निघालं तर थिनर, आणि वरून कपड्यांची पावडर घेऊन तारेच्या घासणीने घासतात. तरी रेषांमधलं आणि नखांच्या कडेचं काळं काही जात नाही. हिवाळ्यापासून बोटांना चिरा पडल्यात, जेवताना रस्सा झोंबतो. सासरकडच्या एका लग्नात तर दिवसभर हात खिशात ठेवून बसले. आता एका शोरूमला स्पेअर पार्टच्या काउंटरवर जागा आहे, पगार कमी पण हात स्वच्छ राहतील. त्यांचा प्रश्न असा, की हे काळं मुळापासून काढणारं एखादं जालीम औषध आहे का, नसेल तर हे काम सोडून द्यावं का.

दादा, बाकीचं सगळं नंतर सावकाश वाचा, पण आजपासून एक गोष्ट करा. पेट्रोल आणि थिनर हाताला लावणं बंद. एकदम बंद, "आज जरा जास्त माखलेत म्हणून थोडंसं" असंही नाही.

कारण सांगतो. पेट्रोलने ऑईल झटकन निघतं हे खरंच आहे, म्हणून तर सगळ्या गॅरेजांमधे कापलेल्या बाटलीत पेट्रोल घेऊन हात बुचकळायची पद्धत पडली. पण पेट्रोल इंजिनचं ऑईल कुठलं आणि तुमच्या कातडीचं स्वतःचं तेल कुठलं हा फरक करत नाही, दोन्ही घेऊन जातं. कातडीच्या वरच्या थरात जो स्निग्धपणा असतो त्यानेच आतला ओलावा टिकतो आणि बाहेरचं बाहेर राहतं, तो गेला की कातडी कोरडी, पांढरट होते आणि मग चिरते. दुसरं म्हणजे पेट्रोलमधे बेंझीन असतं. बीएस-६ च्या, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या प्रदूषणाच्या, नियमाप्रमाणेसुद्धा १ टक्क्यापर्यंत चालतं, आणि बेंझीनने रक्ताचा कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. ते श्वासातून जातं आणि कातडीतूनही थोडं जातं, आणि चिरलेल्या कातडीतून तर जास्तच. थिनरमधे टोल्यूइनसारखे सॉल्व्हंट असतात, तोही काही साधा नाही. आणि पेट्रोलने हात धुतल्यावर शेजारी कुणी काडी ओढली तर काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमच्या मुलीच्या बाजूने बघा. तुम्ही हे सगळं तिच्यासाठी करताय, पण पेट्रोलचा वास मारणारा, पावडरने खरखरीत झालेला हात तिच्या गालाजवळ जातोय, आणि ज्या हाताच्या रेषेत थोडी काळी छटा उरलीय पण जो साबणाने नीट धुतलाय तो हात मात्र तुम्ही लपवताय. मला वाटतं तुमची खरी गडबड इथे आहे. काळं दिसलं म्हणजे घाण आणि पांढरं दिसलं म्हणजे स्वच्छ हे तुम्ही धरून चाललाय, आणि ते तसं नाहीये.

हातावर काळं दोन प्रकारचं असतं. एक असतं सुटं, म्हणजे ऑईल, ग्रीस, धूळ, जे हात लावू तिथे लागतं. हे मात्र खरोखर काढायलाच पाहिजे, त्यात वहिनींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. नवीन ऑईल वेगळं आणि इंजिनमधून काढलेलं जळकं ऑईल वेगळं, त्या जुन्या ऑईलमधे इंधन जळून तयार होणारे घटक साचत जातात आणि त्यातले काही कॅन्सर करणारे म्हणून ओळखले जातात. वर्षानुवर्षं ते रोज अंगावर राहिलं तर कातडीला धोका आहे. एखाद्या दिवशी हात माखले आणि तासाभरात धुतले म्हणून घाबरायचं काही नाही, पण रोजचं काम आहे म्हटल्यावर ते अंगावर वाळू द्यायचं नाही.

दुसरं काळं म्हणजे डाग. ऑईलमधली काजळी, डिझेल गाडीत तर विचारू नका, ती फार बारीक असते आणि तळव्याच्या रेषा, घट्टे, नखांच्या कडा असल्या मेलेल्या जाड कातडीत जाऊन बसते. ती दुसऱ्याला लागत नाही. वरची कातडी आपोआप झडत असते, साधारण महिनाभरात नवी वर येते आणि तिच्याबरोबर डागही जातो. मग तुमचा का जात नाही? एक तर रोज नवीन पडतो. आणि दुसरं, हे नीट लक्षात घ्या, तुमच्या हाताला ज्या चिरा पडल्यात ना त्याच काजळीला बसायला जागा देतात. तुम्ही जितकं जालीम वापरता तितक्या चिरा वाढतात, आणि चिरा वाढल्या की काळं आणखी खोल बसतं, की तुम्ही आणखी जालीम शोधता. मऊ धडधाकट कातडीवरून तेच ऑईल अर्ध्या मेहनतीत निघतं.

दोघांतला फरक ओळखायला सोपी परीक्षा आहे. हात धुवून झाले की पांढरा ओला रुमाल किंवा लंगोटाचं जुनं फडकं घेऊन तळव्यावरून आणि बोटांच्या बेचक्यातून जोर लावून फिरवा. फडकं पांढरं राहिलं तर हात स्वच्छ आहे, रेषा काळी दिसली तरी. फडकं राखाडी झालं तर परत धुवा. ही परीक्षा वहिनींच्या समोर करा, त्यांनाच फडकं फिरवू द्या. कदाचित त्यांना काळ्या रंगापेक्षा पेट्रोलच्या वासाचाच जास्त त्रास होत असेल, तुम्ही कधी विचारलंय का नेमकं काय खटकतं ते? पत्रात तरी तसं दिसत नाही, तुम्ही आपलं धरून चाललाय की त्यांना हातच आवडत नाहीत.

बरं, आता धुवायचं कसं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे नळाखाली आधी हात ओले करणं. तेलकट हातावर पाणी पडलं की ते वरून घसरून जातं आणि साबणही नुसता पाण्यात वाहून जातो. म्हणून पहिलं सगळं कोरड्या हातावर करायचं.

आधी कॉटन वेस्टने किंवा फडक्याने जेवढं निघतंय तेवढं पुसून काढा, ग्रीसचे गोळे तर नुसत्या पुसण्यानेच जातात. मग कोरड्या हातावर चमचाभर गोडं तेल घ्या, शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, खोबरेल, घरात जे स्वस्त असेल ते. फणस कापताना आपण हाताला तेल लावतो, चीक पाण्याने हलत नाही पण तेलाने सुटतो, तसंच हे आहे, चिकट काळं तेल स्वच्छ तेलात मिसळतं आणि कातडी सोडतं. दीड-दोन मिनिटं निवांत चोळा, बोटांच्या सांध्यांवरच्या सुरकुत्या, अंगठ्याची बेचकी, नखांच्या कडा, मनगट. तेल काळं होत जाताना दिसतंच. मग ते सगळं परत पुसून काढा, आणि हे पुसणं महत्त्वाचं आहे, नाहीतर तेच काळं तेल हातभर पसरतं.

आता अजून पाणी नाही. भांड्यांचं लिक्विड थोडं हातावर घ्या, त्यावर चमचाभर साखर टाका आणि चोळा. साखर का, तर तिचे दाणे घासायचं काम करतात आणि पाणी लागलं की विरघळून जातात, कातडीला ओरखडे नाहीत आणि मोरीही तुंबत नाही. मीठ पण चालतं पण तुमच्या चिरांना ते सहन होणार नाही. बारीक रवा किंवा बेसनही चालेल. मग चार थेंब पाणी घेऊन फेस करा, परत चोळा, आणि मगच कोमट पाण्याने धुवा. फार गरम पाणी नको, त्यानेही कातडी कोरडी पडते. खूप माखले असतील तर लिक्विडचा हात दुसऱ्यांदा फिरवा, पण तिसऱ्यांदा, चौथ्यांदा करत बसू नका. पांढरं फडकं फिरवा आणि थांबा.

नखांसाठी जुना मऊ टूथब्रश ठेवा. तारेची घासणी, पॉलिश पेपर, पायाची वज्री हे हाताला लावायचं नाही. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, ती चांगलीच अल्कली असते आणि आपली कातडी मात्र थोडी आम्लधर्मी असते, पीएच पाचच्या आसपास, त्यामुळे रोज पावडर लावली तर कातडी भरून यायला वेळच मिळत नाही. भांड्यांचं लिक्विड त्यामानाने सौम्य असतं, तरी तेसुद्धा कोरडेपणा आणतंच, म्हणून नंतर काहीतरी लावायचंय, ते पुढे सांगतो. गॅरेजांमधे लाकडाचा भुसा लिक्विडमधे कालवून ठेवतात, तोही चालतो, पण चिरा भरेपर्यंत नको, बारीक कुसळं आत जातात. दाणेदार पेस्टचे तयार हँड क्लीनर मिळतात, ते दिवसाला एकदा, संध्याकाळी निघताना वापरायला चांगले आहेत. फक्त डब्यावर वाचून रॉकेलसारखे सॉल्व्हंट नसलेला घ्या, आणि संत्र्याच्या वासाच्या क्लीनरने कुणाकुणाला खाज सुटते, तशी सुटली तर बदला. आणि हो, रॉकेल आणि डिझेलही पेट्रोलच्याच रांगेत, हाताला नको.

पण खरं सांगू का, धुण्यावर जेवढी डोकेफोड तुम्ही करताय त्याच्या निम्मी जरी काम सुरू करायच्या आधी केलीत तर संध्याकाळचा प्रश्नच हलका होईल. सकाळी कामाला हात लावायच्या आधी साबणाची ओली वडी घ्या आणि नखांनी खरवडा, म्हणजे नखांच्या आत साबण भरून बसतो आणि ऑईलला जागाच राहत नाही. संध्याकाळी ब्रश फिरवला की तो साबण काळं घेऊन बाहेर येतो. हाताला क्रीमचा किंवा व्हॅसलीनचा पातळ हात लावा, नखांच्या कडेने जरा जास्त. पातळच, नाहीतर पाना निसटेल.

आणि ग्लोव्हज. तुम्ही लिहिलंय की एकदा घातले तर शेठ आणि पोरं हसली आणि हाताला नटाचे आटे कळत नाहीत. आटे कळत नाहीत हे जाड रबरी हातमोज्यांच्या बाबतीत खरं आहे. नायट्राईलचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचे, पातळ ग्लोव्हज घालून बघा, त्यात हाताने नट सुरू करता येतो. साधं रबर ऑईलने फुगतं आणि ढिलं पडतं, नायट्राईल टिकतं. ते ठिपकेवाले सुती हातमोजे मात्र या कामाला अजिबात नकोत, ते ऑईल पितात आणि दिवसभर तुमच्या कातडीला लावून ठेवतात, उघडा हात परवडला. सगळा दिवस घालायची पण गरज नाही. चेंबरचा ड्रेन नट खोलताना, ऑईल फिल्टर काढताना, एक्सेलचा बूट फाटून ग्रीस उडालेलं असतं तेव्हा, म्हणजे जिथे हात माखणारच आहे तिथे घाला, आणि फाटला किंवा आत घाम झाला की काढून टाका. चालू इंजिनच्या बेल्टजवळ, फॅनजवळ, ड्रिलवर काम करताना मात्र कुठलाच हातमोजा नको, तो अडकला तर बोट घेऊन जातो. हसणाऱ्यांचं म्हणाल तर त्यातल्या दोघांच्या तरी हाताला तुमच्यासारख्याच चिरा असतील, त्यांच्या हातात एकेक जोडी द्या आणि बघा.

एका मेस्त्रींबरोबर मी दुपारभर बसलो होतो तेव्हा एक गोष्ट बघितली जी मला कधी सुचली नसती. त्यांनी हात छान स्वच्छ धुतले, मग खिशातून मोबाईल काढला, स्क्रीनवर सकाळचे काळे अंगठे तसेच, मग गाडीला किक मारून हँडल धरलं, हँडलची ग्रिप वर्षभराच्या ग्रीसने चकाकत होती. घरी पोचेपर्यंत हात परत तिथेच. तुमचंही हेच होत असणार. मोबाईल आणि ग्रिप लिक्विडने पुसून घ्या, आठवड्यातून एकदा पुरतं. ऑईलचं फडकं पँटच्या खिशात कोंबायची सवय असेल तर ती सोडा, ते ऑईल कापडातून मांडीला लागत राहतं आणि तिथे पुरळ येते. गॅरेजचे कपडे गॅरेजवरच बदला, आणि हात कोपरापर्यंत धुवा, कारण मुलगी तळव्यावर नाही तर तुमच्या दंडा-मनगटावर डोकं ठेवून झोपते. आणि तंबाखू मळत असाल तर, तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो, माखलेल्या तळव्यावर मळलेली तंबाखू म्हणजे ते जळकं ऑईल सरळ तोंडात. तंबाखू स्वतः काय करते ते वेगळंच. वडापाव खातानाही आधी हात.

आता चिरा. पेट्रोल बंद झालं की त्या भरायला लागतील. दर वेळी हात धुतल्यावर टिपून कोरडे करा आणि लगेच क्रीम किंवा व्हॅसलीन लावा. रात्री झोपताना जाडसर लावून सुती मोजे हातात चढवा, मुलीला झोपवून झाल्यावर. कोकणातले लोक भेगांना कोकमाचं मुठेल गरम करून लावतात, ते मिळालं तर उत्तम आहे, टाचांना लावतात तसंच बोटांना. दोन आठवड्यांत फरक दिसायला पाहिजे. नाही दिसला, किंवा खाज, लाल चट्टे, पाण्याचे फोड असतील, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, जिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं. त्यांना काय काम करता, काय काय हाताला लागतं आणि सुट्टीत बरं वाटतं का हे सगळं सांगा, त्यावरून त्यांना कळतं की हे नुसतं कोरडं पडलंय की एखाद्या वस्तूची ॲलर्जी आहे. मेडिकलवाल्याकडून "खाजेची ट्यूब" आणून लावू नका, त्यात बऱ्याचदा स्टिरॉईड असतं आणि महिनोन्‌महिने लावलं तर कातडी आणखी पातळ होते.

राहिला नोकरीचा प्रश्न. काउंटरचं काम वाईट नाही, तुम्हाला ते काम म्हणून आवडत असेल, वेळा बऱ्या असतील, पुढे काही वाढ दिसत असेल तर जरूर विचार करा. पण तुमच्या पत्रात त्या कामाबद्दल एकच वाक्य आहे, हात स्वच्छ राहतील, आणि इंजिनचा आवाज ऐकून टॅपेट कुठला वाजतोय ते सांगता येतं याबद्दल मात्र तुम्ही अर्धं पान लिहिलंय. पगार कमी करून घ्यायचा निर्णय अशा एका गोष्टीवर घेऊ नका जी महिनाभरात बरीचशी सुटू शकते. जागा थांबत असेल तर महिना थांबा, पेट्रोल बंद, तेल-साखर, ग्लोव्हज, क्रीम एवढं करून बघा. डॉक्टरांनी ॲलर्जी आहे असं सांगितलं आणि ती ग्लोव्हजनेही आवरली नाही तर मग काम बदलण्यावर बोलू, तेव्हा ते कारण खरं असेल.

आणि लग्नात खिशात घातलेले हात. दादा, त्या मांडवात आलेल्या कितीतरी गाड्या तुमच्यासारख्याच हातांनी दुरुस्त झालेल्या असणार. सासरच्यांनी तुम्हाला पोरगी दिली तेव्हा तुम्ही मेकॅनिकच होतात ना? तुमच्या हातांबद्दल तिथे कुणी काही बोललं असं तुम्ही लिहिलेलं नाही, ते तुम्हीच मनात धरलंय. पुढच्या कार्यक्रमाला आदल्या रात्री तेल-साखरेने हात धुवा, नखं कापा, क्रीम लावून झोपा, आणि सकाळी पंगतीत वाढायला उभे राहा.

सगळ्याच घाणीला हा तेलाचा उपाय चालत नाही, तेही लक्षात ठेवा. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळणारं असतं, त्याला सरळ साबण-पाणी. कूलंटलाही तेच, आणि तो चवीला गोड पण विषारी असतो, म्हणून मुलांपासून आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा. बॅटरीचं ॲसिड लागलं तर काही चोळायचं नाही, वाहत्या पाण्याखाली चांगली वीसेक मिनिटं हात धरायचा. काढलेलं जुनं ऑईल गटारात किंवा झाडाखाली ओतू नका, तो धोकादायक कचरा आहे आणि तेच पाणी पुढे कुणाच्यातरी विहिरीत जातं. डबा भरला की परवाना असलेल्या रिसायकलवाल्यालाच द्या.

आणि एक गोष्ट गॅरेजमधल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. ग्रीस गनच्या तोंडाशी किंवा डिझेल इंजेक्टर, कॉमन रेलच्या (इंजेक्टरना जबर प्रेशरने डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) पाईपजवळ बोट असताना प्रेशरने फवारा बसला आणि बोटाला टाचणी टोचल्याएवढं छिद्र दिसलं तर ते धुवून पट्टी बांधून कामाला लागायचं नसतं. कॉमन रेलचं प्रेशर हजार बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण हजारपटीच्या, पुढे असतं, डिझेल कातडी भेदून आत पसरतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही आणि काही तासांत बोट आतून सडायला लागतं. अशा वेळी लगेच, त्याच क्षणी, जिथे सर्जन आहे अशा हॉस्पिटलला जायचं आणि दारातच सांगायचं की प्रेशरने डिझेल आत गेलंय, किंवा ग्रीस आत गेलंय, कारण वरून बघून ते कुणालाच कळत नाही.